मधुमेह होण्याआधी रक्त काय सांगते : मोफत तपासण्या, त्यांचे आकडे आणि पुढची पायरी

तुमच्या तपासणीच्या कागदावर ‘उपाशीपोटी साखर ११२’ असे लिहून आले आणि केंद्रात कोणी सांगितले की ‘तुम्हाला शुगर नाही’, तर ते खरे आहे. पण ती अर्धीच माहिती झाली. ११२ हा आकडा मधुमेहाचा नाही, तसाच तो पूर्ण निरोगी माणसाचाही नाही. तो मधल्या टप्प्याचा आहे. या टप्प्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. बोलीत लोक ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतात. या टप्प्यात काहीही दुखत नाही, तहान वाढत नाही, रात्री लघवीला उठावे लागत नाही. त्यामुळे कागद घडी घालून ठेवला जातो आणि विसरला जातो.

हा टप्पा किती लोकांचा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. म्हणजे आजारी असलेल्यांपेक्षा उंबरठ्यावर उभे असलेले जास्त. याच पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते, हे आपल्याच देशात तपासून पाहिले गेले आहे. ते पुढे येईलच. आधी तपासणी कुठे होते आणि आकडे कसे वाचायचे ते पाहू.

तपासणी कोणासाठी, कुठे, किती पैसे?

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीची मधुमेह, रक्तदाब आणि मुखाच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. महिलांची स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही तपासणी होते. ही तपासणी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शिधापत्रिका पिवळी आहे की केशरी, हेही कोणी विचारायचे कारण नाही.

इथे एक गैरसमज फार आढळतो. ‘माझ्याकडे पाच लाखांचे आयुष्मान कार्ड आहे, त्यावर शुगरची तपासणी होईल ना?’ तर नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा तपासण्या-औषधांचा खर्च त्यात येतो, पण बाह्यरुग्ण विभागात जाऊन नुसते रक्त तपासून घेणे त्यात बसत नाही. म्हणून कार्ड घेऊन खासगी रुग्णालयात जाण्यापेक्षा आरोग्य मंदिरात जा. तिथे या कार्डाची गरजच नाही. तुमच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी कापली जात असेल, तर त्या योजनेच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण तपासणीही मिळते.

पहिली पायरी रक्ताची नाही

आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. आरोग्य कर्मचारी त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. त्यात तुमचे वय, तंबाखू, दारू, आठवड्यातली शारीरिक हालचाल, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे का हे प्रश्न असतात. कंबरेला टेप लावून घेरही मोजतात. उत्तरांना गुण मिळतात. बेरीज ४ पेक्षा जास्त झाली तर तुम्हाला तपासणीसाठी आधी बोलावले जाते. बेरीज कमी आली तरी तपासणीचा हक्क जात नाही, फक्त क्रम मागे जातो.

कंबरेचे माप देताना बायका संकोचतात, पुरुष पोट आत ओढून घेतात. दोन्ही करू नका. महिलेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला की गुण वाढतात आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळच. भारतीय शरीर बारीक दिसूनही आतून, विशेषतः पोटाच्या आत, चरबी साठवते. ‘मी कुठे जाडा आहे, मला कशाला शुगर होईल’ हा हिशेब म्हणून आपल्याकडे चुकतो.

बोटातला थेंब आणि हातातून काढलेले रक्त

उपकेंद्रात बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहतात. ही चाळणी आहे. खाऊन गेलात की उपाशी, याने बिघडत नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर पुढच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. १४० च्या खाली आला तर साधारणपणे पुढच्या वर्षी पुन्हा. थेंबाच्या या आकड्यावरून ‘मधुमेह आहे’ किंवा ‘नाही’ असा शेवटचा निर्णय कोणी देऊ नये आणि तुम्हीही घेऊ नये.

खरे चित्र हातातून काढलेल्या रक्तातून कळते. त्यासाठी तीन तपासण्या वापरात आहेत.

उपाशीपोटी साखर : रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. सकाळचा चहासुद्धा नाही, बिनसाखरेचाही नाही. १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेहाच्या पातळीवर. १०० ते १२५ म्हणजे मधला टप्पा. काही प्रयोगशाळांच्या कागदावर मधला टप्पा ११० पासून सुरू झालेला दिसेल. जागतिक आरोग्य संघटना ११० धरते आणि अमेरिकेतील मधुमेह संघटना १००, एवढाच तो फरक आहे. तुमचा आकडा १०४ असेल तर कागद कोणता यावर वाद घालण्यात अर्थ नाही, वर्षभरात पुन्हा तपासा.

ग्लुकोजचे पाणी पिऊन केलेली तपासणी : उपाशीपोटी रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. दोन तासांचा आकडा १४० च्या आत असावा. १४० ते १९९ हा मधला टप्पा, २०० पासून मधुमेहाची पातळी. ही तपासणी वेळखाऊ आहे, दोन तास बाकावर बसावे लागते, रोजंदारी बुडते. पण काही लोकांची उपाशीपोटीची साखर अगदी नीट असते आणि खाल्ल्यानंतरचीच बिघडलेली असते. असे लोक फक्त या तपासणीत सापडतात. घरात मधुमेह असेल आणि कंबरेचा घेर मोठा असेल, तर ‘उपाशीची चांगली आली’ एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी : रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तात साखर जास्त असेल तर ती पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत चिकटूनच राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, ते मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. उपाशी राहावे लागत नाही, आदल्या दिवशी गोड सोडून डॉक्टरांना फसवताही येत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधला टप्पा, ६.५ पासून मधुमेहाची पातळी. ही तपासणी प्रत्येक केंद्रात होत नाही. अनेक ठिकाणी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि अहवाल काही दिवसांनी येतो.

लक्षणे नसताना यातला एखादा आकडा मधुमेहाच्या पातळीत आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री केली जाते. एका आकड्यावर घाबरून कोणाच्या सांगण्याने गोळ्या सुरू करू नका.

आकडा कधी चकवतो?

हे नीट वाचा, कारण आपल्याकडे हे वारंवार घडू शकते. एचबीएवनसी तांबड्या पेशींवर अवलंबून आहे, त्यामुळे पेशींचेच काही बिघडले असेल तर आकडाही बिघडतो. अंगात लोह कमी असेल तर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. म्हणजे पंडुरोग असलेल्या बाईला नसलेली मधुमेहपूर्व अवस्था दाखवली जाऊ शकते. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो आणि वाढलेली साखर लपून राहते. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या आदिवासी भागांत सिकलसेल बराच आढळतो. तिथल्या वाचकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आणि त्यात अनेकांना तपासणीचे कार्ड मिळाले आहे. ते कार्ड साखर तपासायला जातानाही सोबत न्या. थॅलेसेमिया असेल, अलीकडे रक्त चढवले असेल, दिवस गेलेले असतील, तरी एचबीएवनसीवर विसंबू नये. अशा वेळी साखरेची थेट तपासणी, म्हणजे उपाशीपोटीची किंवा ग्लुकोज पिऊन केलेली, हीच कामाची.

दुसरा चकवा शिबिरांत होतो. काढून ठेवलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या नळीतली साखर खात राहतात. नमुना तासन्‌तास तसाच पडून राहिला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. यावर उपाय म्हणून साखरेसाठीचे रक्त एका वेगळ्या, बहुधा राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यातले रसायन पेशींचे हे काम रोखते. शिबिरात सकाळी रक्त दिले, नमुना संध्याकाळी तालुक्याला गेला आणि अहवाल फारच चांगला आला, तर एकदा केंद्रात जाऊन पुन्हा तपासून घेतलेले बरे.

ताप, मोठा संसर्ग किंवा स्टिरॉइडची औषधे चालू असतानाही साखर तात्पुरती चढते. तेव्हा काय चालू आहे ते रक्त घेणाऱ्याला सांगा.

महागड्या ‘रिस्क’ तपासण्या करायच्या का?

मोबाईलवर जाहिराती येतात : ‘दहा वर्षांनी मधुमेह होईल का, आजच जाणून घ्या.’ त्यांच्या मागे थोडे खरे विज्ञान आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांचे जपून ठेवलेले रक्त तपासून २०११ मध्ये संशोधकांनी दाखवले की ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फिनाइलअॅलनिन या पाच अमिनो आम्लांचे प्रमाण, ज्यांना पुढे मधुमेह झाला त्यांच्या रक्तात वर्षानुवर्षे आधीपासून जास्त होते. इन्शुलिनची पातळी, चरबीच्या पेशींतून येणारे अॅडिपोनेक्टिन, सूज दाखवणारे सीआरपी आणि जनुकांच्या तपासण्या यांवरही काम झाले आहे.

पण हे संशोधकांच्या उपयोगाचे आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात यातली एकही तपासणी मागितली जात नाही. वय, कंबर, घरचा इतिहास आणि साधी साखर एवढ्यावरून जे कळते, त्यात या महाग आकड्यांनी फार थोडी भर पडते आणि मिळणारा सल्ला काही बदलत नाही. हजारो रुपयांचे पॅकेज घेऊनही शेवटी ‘चाला, गोड कमी करा, वर्षाने तपासा’ हेच सांगितले जाणार असेल, तर ते पैसे घरात राहू द्या.

एक साधा आकडा मात्र बघण्यासारखा आहे. चरबीची तपासणी झालेली असेल तर त्यात ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी (पुरुषांत ४० च्या खाली, महिलांत ५० च्या खाली) असेल, तर शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसण्याची शक्यता वाढते. अशा व्यक्तीने साखरेची तपासणी टाळू नये.

मधला आकडा आला. आता काय?

आता चेन्नईच्या त्या अभ्यासाकडे येऊ. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहपूर्व अवस्थेतले ५३१ लोक निवडले आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला खाण्याचे आणि चालण्याचे नीट मार्गदर्शन, तिसऱ्याला मेटफॉर्मिनच्या गोळ्या, चौथ्याला दोन्ही. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. मार्गदर्शन मिळालेल्या गटात तो ३९ जणांना झाला. गोळ्यांच्या गटात जवळपास तेवढाच, ४० च्या आसपास, आणि दोन्ही देऊनही त्यापेक्षा जास्त फायदा झाला नाही.

यातून दोन गोष्टी दिसतात. १०० पैकी ५५ हा आकडा मोठा आहे. मधला टप्पा आला म्हणजे ‘बघू पुढे’ म्हणण्यासारखी स्थिती नाही. आणि रोजच्या चालण्याने व खाण्यातल्या बदलाने गोळीइतकेच काम केले. नेमके काय करायला सांगितले होते? रोज अर्धा तास भरभर चालणे, साखर आणि मैदा-पॉलिशच्या तांदळासारखे पदार्थ कमी करणे, तेलतूप बेताचे, डाळी-भाज्यांसारखा चोथ्याचा आहार वाढवणे. ज्यांची अंगमेहनत आधीच भरपूर होती, त्यांना ती तशीच चालू ठेवायला सांगितले होते. शेतात किंवा बांधकामावर दिवसभर राबणाऱ्याने वेगळा व्यायाम शोधत बसू नये. त्याने चहाकडे पाहावे. दिवसाला पाच-सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर ते दहा-बारा चमचे होतात. ताटात भाताचा ढीग कमी करून उसळ किंवा घट्ट वरण वाढवणे, हे शिध्यात मिळणाऱ्या धान्यातही जमते.

मेटफॉर्मिन कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी घेऊ नका.

मधला टप्पा असलेल्या प्रत्येकाला मधुमेह होतोच असे नाही. काहींची साखर पुन्हा पूर्ण नीट होते. पण वाट पाहायला फार वर्षे हातात नसतात. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात २००९ मध्ये दिसले की ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षे हळूहळू सरकत होती आणि निदानाच्या साधारण तीन वर्षे आधी एकदम वेगाने चढू लागली. म्हणून मधला आकडा आलेल्याने दरवर्षी तपासायचे. एक वर्ष चुकले की तो वेगाचा काळ निसटू शकतो.

गरोदर महिलांसाठी

गरोदरपणात पहिल्या भेटीत आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली जाते. यासाठी उपाशी असण्याची अट नाही. १४० किंवा अधिक आली तर तो गरोदरपणातला मधुमेह समजतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीतही ती करून घेता येते.

बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर उतरते आणि इथेच पाठपुरावा तुटतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ही तपासणी पुन्हा करायची असते. बाळाच्या लसीसाठी तुम्ही सहाव्या आठवड्यात केंद्रात जाताच, त्याच दिवशी स्वतःचेही रक्त द्या. ज्या बाईला गरोदरपणात साखर झाली, तिला पुढे टाइप दोन मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तिने वयाची तिशी येण्याची वाट पाहू नये, दरवर्षी तपासावे.

कागद, आभा क्रमांक आणि स्थलांतर

आकडा तोंडी ऐकून परत येऊ नका. तारीख, तपासणीचे नाव आणि आकडा कागदावर मागून घ्या. उपाशीपोटीचा की खाल्ल्यानंतरचा, हे लिहिलेले नसेल तर लिहून मागा. त्याशिवाय पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही. १४ अंकी आभा क्रमांक काढला असेल तर नोंद त्याला जोडता येते. तो ऐच्छिक आहे, नसला म्हणून तपासणी नाकारता येत नाही.

केंद्रात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या असे सांगितले, तर पुढची तारीख विचारा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १०४ या आरोग्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. केंद्रात डॉक्टर नसतील तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणे करून द्यायला सांगा. अहवाल दाखवून सल्ला घेण्यासाठी ती सोय मोफत आहे.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा सुरत, इंदूर, हैदराबादकडे कामाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी कागदाचा फोटो मोबाईलमध्ये घ्यावा. तपासणीचे वर्ष हंगामातच भरत असेल, तर दोन महिने आधी गावीच रक्त देऊन जा. तेवढा वेळ नसेल तर कामाच्या गावच्या आरोग्य मंदिरात जा आणि मागचा आकडा दाखवून ‘पुन्हा तपासायचे आहे’ एवढे सांगा.